माश्यांना माहीत असतं

प्रकल्पासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी एकच काम असतं. पोळ्यासमोर बसायचं आणि राणी शोधायची. आकारावरून ती ओळखता येत नाही, रंगावरूनही नाही, कारण या गांधीलमाशीत राणी आणि कामकरी माशी दिसायला अगदी सारख्या असतात. मग मुलं वागणं बघू लागतात. पोळ्यावर एखादी माशी बाकीच्यांना ढोसत, चावत, त्यांच्या मागे लागत फिरत असते आणि तिच्यापुढे इतर माश्या अंग चोरून घेतात. बहुतेकांचं बोट तिच्याकडे जातं. खरी राणी बहुधा कडेला बसलेली असते. ती कुणाच्या वाटेला जात नाही. मधूनच उठून एखाद्या घरात डोकं घालून बघते आणि कधीतरी पोटाचं टोक त्या घरात बुडवून अंडं घालते. तिला अंडं घालताना बघितलं की मुलं चक्रावून जातात. राणीने राज्य करावं अशी आपल्या सगळ्यांचीच अपेक्षा असते.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आमची इमारत जुनी, जांभ्याची. खिडक्यांना लाकडी चौकटी आणि व्हरांड्यावर कौलं. अशा जागी या माश्या असायच्याच. तांबूस तपकिरी अंग, त्यावर पिवळे ठिपके, पोटावर एक पिवळी पट्टी. शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. झाडांचे तंतू खरवडून, चावून, लाळेत कालवून त्या करड्या रंगाचा कागद करतात आणि त्याची षटकोनी घरं एका बारीक देठावर टांगतात. पोळ्यावर आवरण नसतं. अंडी, अळ्या, कोष, येणं-जाणं, भांडणं, सगळं उघड्यावर चालतं. मधमाश्यांचा अभ्यास करायचा तर पेटी हवी, जाळी हवी, धूर हवा. इथे खुर्ची टाकून बसायची तयारी असली की झालं. उपकरणांसाठी पैसे नसलेल्या आमच्यासारख्या महाविद्यालयाला हे मोठंच वरदान होतं.

वाट दाखवली ती राघवेंद्र गदगकर यांच्या लेखनाने. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना तिथल्या खिडक्यांवर त्यांनी ही पोळी पाहिली आणि पुढे भारतीय विज्ञान संस्थेत दशकानुदशकं याच एका माशीचा पाठपुरावा केला. ‘सर्व्हायव्हल स्ट्रॅटेजीज’ हे त्यांचं 1997 चं पुस्तक मी वाचलं आणि ज्या पोळ्यांना टाळून आम्ही वर्गात जात होतो त्यांच्याकडे मी थांबून बघायला लागले. मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट पुढे कळली. या माशीतल्या जातिभेदावर, म्हणजे अंडी घालणारी आणि काम करणारी असा फरक कसा पडतो यावर, माधव गाडगीळ आणि अनिल महाबळ यांनी 1974 सालीच ‘करंट सायन्स’मध्ये टिपण लिहिलं होतं.

काम सुरू होतं ते रंगाने. पहाटे, पुरतं उजाडण्याआधी, माश्या सुस्त असतात. तेव्हा पटकन वाळणाऱ्या इनॅमल रंगात गवताची काडी बुडवून प्रत्येकीच्या पाठीवर ठिपके द्यायचे. एक लाल, एक पांढरा. दोन हिरवे. पिवळा आणि निळा. एकदा ठिपके पडले की पोळ्यावरची गर्दी संपते आणि तिथे एकेक माशी दिसू लागते. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी पायरी हीच आहे. बाकीचं गणित, सिद्धांत, वाद हे सगळं त्यानंतर येतं. ‘लाल-पांढरी’ सकाळपासून चार वेळा बाहेर जाऊन आली आणि ‘दोन हिरव्या’ जागची हललीही नाही, हे ज्याने स्वतः पाहिलं आहे त्याला ‘माश्या काम करतात’ हे वाक्य पुन्हा तितक्या सहजपणे लिहिता येत नाही.

मग पाच-पाच मिनिटांची सत्रं. काही सत्रांत एका क्षणी कोण काय करते आहे ते टिपायचं: बसली आहे, चालते आहे, अंग साफ करते आहे, पोळ्यावर नाही. काही सत्रांत पाच मिनिटांत घडलेली प्रत्येक देवाणघेवाण टिपायची: कोणी कोणाला ढोसलं, कोणी आणलेला घास कोणी काढून घेतला, कोणत्या अळीला कोणी भरवलं. कोणतं सत्र कधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवतो, म्हणजे आपल्याला आवडेल तेच बघितलं जात नाही. पहिल्या आठवड्यात तक्रार ठरलेली. “मॅडम, ती नुसती बसलीय ओ.” मी सांगते, “मग बसलीय असं लिही.” पुन्हा पाच मिनिटांनी तेच. पण या ‘बसलीय’च्या नोंदींची बेरीज झाली की चित्र उभं राहतं. गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी 1983 साली अशाच नोंदींतून दाखवलं की पोळ्यावरच्या माश्यांचे तीन गट पडतात: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर जाऊन आणणाऱ्या. या जातीत राणी बसणाऱ्यांत सापडते. हिच्याच कुळातल्या रोपालिडिया सायाथिफॉर्मिस या माशीत मात्र राणी भांडणाऱ्यांत असते. दोन सख्ख्या कुळभगिनी, आणि राणीपणाच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा.

आमचे शिपाईमामा पूर्वी परीक्षेच्या आधी पलिता करून खिडक्यांवरची पोळी जाळायचे. परीक्षेच्या खोलीत माशी शिरून कुणाला चावली तर गोंधळ नको, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ठिपके द्यायला लागल्यापासून ते रोज सकाळी येऊन बघायचे. “आज निळी दिसत नाय ती?” असं विचारायचे. निळी दिसली नाही की खरंच परत यायची नाही. बाहेर जाणाऱ्या माश्या अशाच जातात: पाल, सरडा, पाऊस, कोळ्याचं जाळं. पुढे कोणतं पोळं ठेवायचं आणि कोणतं वर्गाच्या दारावर धोकादायक आहे, हे मामाच ठरवू लागले.

आता मूळ प्रश्न. दुसऱ्याची पिल्लं वाढवण्यात जन्म घालवणारी माशी उत्क्रांतीत टिकतेच कशी? जी स्वतः पिल्लं घालत नाही तिचे गुण पुढच्या पिढीत जायला नकोत. 1859 साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ लिहिताना डार्विन वांझ मुंग्यांपाशी अडखळला होता. आपल्या सगळ्या सिद्धांताला ही अडचण मोडून काढेल की काय अशी त्याला धास्ती वाटली, आणि निवड कुटुंबावरही होऊ शकते असं सांगून तो पुढे गेला. पुढच्या शतकात जे. बी. एस. हॉल्डेन यांनी बुडणाऱ्या मुलाचं उदाहरण घेऊन नात्याचा हिशेब मांडला. हे हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि 1964 च्या डिसेंबरात भुवनेश्वरला वारले. त्याच वर्षी विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज संशोधकाने तो हिशेब पुरा करून छापला होता. त्याचं सार फळ्यावर एका ओळीत मावतं: मदत केल्याने नातलगाचा जो फायदा होतो त्याला नात्याच्या प्रमाणाने गुणा, तो गुणाकार मदत करणारीच्या तोट्याहून मोठा असेल तर मदत करण्याचा गुण टिकतो आणि पसरतो.

मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांत नर फलन न झालेल्या अंड्यातून येतो. त्याच्याकडे जनुकांचा एकच संच असतो आणि तो सगळाच्या सगळा प्रत्येक मुलीला जातो. त्यामुळे सख्ख्या बहिणींचं नातं पाऊण येतं आणि आई-मुलीचं निम्मंच. म्हणजे स्वतःची मुलगी वाढवण्यापेक्षा बहीण वाढवणं फायद्याचं. हे वर्गात सांगितलं की मुलांचे डोळे चमकतात. मलाही शिकताना असंच झालं होतं. इतकं नेटकं उत्तर जीवशास्त्रात क्वचित मिळतं. काही पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण खरा विषय इथून सुरू होतो.

पाऊण हा आकडा केव्हा खरा? आई एकाच नराशी जुगली असेल आणि तीच आई शेवटपर्यंत राणी असेल तेव्हा. आमच्या माशीत दोन्ही अटी मोडतात. राणी एकाहून अधिक नरांशी जुगते. दोन नरांचा वाटा सारखा धरला तर बहिणी-बहिणींचं नातं पाऊणवरून निम्म्यावर उतरतं. म्हणजे स्वतःची मुलगी वाढवण्याइतकंच, वर बहिणीबरोबर भाऊही वाढवायचे, ज्यांच्याशी नातं जेमतेम पाव. त्यातून राण्या बदलतात. या माशीचं पोळं वर्षभर चालू राहतं. एक राणी गेली की दुसरी येते, ती आधीच्या राणीची मुलगी असेल, बहीण असेल, भाची असेल. कामकरी माशी मात्र तीच असते आणि आता तिच्या पुढ्यात भाचरं असतात, चुलत-मावस भावंडांची पिल्लं असतात. तरी ती भरवतच राहते. एखाद्या पोळ्याची वंशावळ मुलांना काढायला लावली की कागदावर रेघांचं जाळं होतं आणि ‘पाऊण’ कुठेच उरत नाही.

मग नात्याचं महत्त्व संपलं का? नाही. हॅमिल्टनच्या ओळीत तीन गोष्टी आहेत: नातं, फायदा, तोटा. मोजायला सोपं म्हणून नात्यावर सगळ्यांनी भर दिला आणि फायदा-तोट्याची मोजणी मागे पडली. 2010 साली ‘नेचर’मध्ये नोवाक, टार्निटा आणि विल्सन यांनी नात्याच्या सिद्धांतावरच मोठा हल्ला चढवला. पुढच्या वर्षी शंभराहून अधिक जीवशास्त्रज्ञांनी सह्या करून त्याला उत्तर दिलं. मी ते दोन्ही वाचलं. पोळ्यासमोर बसणाऱ्या माणसाला वाटतं की भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी एकदा फायदा आणि तोटा नीट बघावा. एकट्या माशीचं आयुष्य बघावं.

आमच्याकडे दर पावसाळ्याच्या आगेमागे व्हरांड्यात एकट्या माशीने घातलेली लहान पोळी दिसतात. चार-सहा घरं, प्रत्येकात एक अंडं. ती एकटीच कागद आणते, एकटीच भिंत वाढवते, अळ्या झाल्या की एकटीच सुरवंट पकडून, चावून, लगदा करून भरवते. ती बाहेर गेली की पोळं उघडं. मुंग्यांची रांग लागली तर ती परत येईपर्यंत घरं रिकामी. अंड्यापासून माशी बाहेर पडायला या जातीत सुमारे दोन महिने लागतात आणि कामकरी माशीचं सरासरी आयुष्य जेमतेम महिन्याच्या आसपास असतं. दोन महिने जगली तरच एकट्या माशीचा पहिला वंशज पंख उघडणार. दोन महिने पुरे व्हायच्या आदल्या दिवशी गेली तरी तिचा हिशेब शून्य, पहिल्या दिवशी गेली तरी शून्य.

पोळ्यात राहून काम करणारीचं तसं नाही. तिने दहा दिवस अळ्यांना भरवलं आणि अकराव्या दिवशी ती पावसात सापडली, तर त्या अळ्यांना पुढे दुसरी कोणी भरवते. तिचे दहा दिवस वाया जात नाहीत. लावणीच्या दिवसांत एखादी बाई अर्ध्यावर आजारी पडली, तर पाच जणी मिळून लावणी करत असलेल्या खाचरात तिने लावलेली रोपं उभी राहतात. जिचं खाचर तिच्या एकटीच्या अंगावर आहे तिची रोपं तरव्यातच सुकतात. गदगकरांनी 1990 साली हा मुद्दा गणितात मांडला: समूहात घातलेल्या श्रमाचा मोबदला, थोडा का होईना, नक्की मिळतो. हे वाचल्यावर मी व्हरांड्यातल्या एकट्या पोळ्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. त्यातली कितीतरी पहिली माशी बाहेर पडण्याआधीच ओस पडतात. बाजूच्या खिडकीवर चार-पाच जणींनी मिळून घातलेलं पोळं त्याच पावसात तगतं. नात्याचा आकडा निम्म्याखाली गेला तरी इथे गुणाकार जिंकतो, कारण फायद्याच्या बाजूला वजन आहे.

तोट्याचा भागही आहे. जिला तशीही फार अंडी घालता आली नसती तिचा तोटा कमी. बंगळूरच्या प्रयोगात कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या माश्यांना एकेकटं ठेवलं, खायला दिलं, पोळं करायला साहित्य दिलं. त्रास द्यायला राणी नाही, हिसकावून घ्यायला बहीण नाही. तरी साधारण निम्म्याच माश्यांनी अंडी घातली. कोण घालेल आणि कोण नाही याचा थोडाफार कल अळीपणातच ठरलेला असतो, आणि अळीला किती खायला मिळालं याचा त्यात हात असतो. हा निबंध 1988 चा. त्याच्या लेखकांत पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ अनिल गोरे होते, हे मी वर्गात मुद्दाम सांगते. माश्या मोजायला संख्याशास्त्र लागतं हे मुलांना पटवायला त्याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

समूहाचा फायदा सांगताना एक दिवस सांगायलाच हवा, कारण त्या दिवशी समूह कामी येत नाही. वेस्पा ट्रोपिका ही मोठी गांधीलमाशी, काळपट, पोटावर रुंद पिवळा पट्टा, आमच्या माशीच्या पोळ्यांवर डल्ला मारते. ती येऊन बसली की आमच्या माश्या, भरलेलं पोळं असलं तरी, बाजूला होतात. देठापाशी, चौकटीवर, भिंतीवर घोळका करून बसतात. मोठी माशी एकेका घरातून अळी ओढते, चावून गोळा करते, घेऊन जाते, पुन्हा येते. कोषांची झाकणं फाडते. मुलं पहिल्यांदा बघतात तेव्हा तिला हाकलायला वही उचलतात. मी थांबवते आणि मलाही ते सोपं जात नाही, कारण त्या अळ्यांचं प्रत्येकीचं घर आमच्या नकाशात क्रमांकासह लिहिलेलं असतं. बंगळूरच्या प्रयोगशाळेत यावर एक सुंदर उपाय आहे: पोळी ठेवायच्या खोलीला अशी जाळी की तिच्या भोकांतून लहान माशी सहज आत-बाहेर करते आणि मोठी अडते. आमच्याकडे खोली नाही, व्हरांडा आहे. पोळं रिकामं झालं की काही माश्या निघून जातात, काही जणी मिळून जवळच नवा देठ घालतात. ठिपक्यांमुळे कळतं की कोण कुणाबरोबर गेली.

या निघून जाण्यातच या माशीचं सगळं महत्त्व आहे. मधमाशीची कामकरी कधी राणी होऊ शकत नाही. तिचं शरीरच वेगळं घडलेलं असतं. अनेक मुंग्यांचंही तसंच. त्यांचा रस्ता फार पूर्वी एका टोकाला पोचला, तिथून मागे फिरता येत नाही. रोपालिडियाच्या कामकरी माशीला अजून तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. ती एकटी जाऊन पोळं घालू शकते, चौघींबरोबर जाऊ शकते, किंवा इथेच राहून काम करत करत एखाद्या दिवशी राणी होऊ शकते. एकत्र राहणं कसं सुरू झालं असेल हे समजायचं तर जिला अजून निवड आहे तिच्याकडे बघावं लागतं. बहुसंख्य जणी राहणंच निवडतात, हे त्या निवडीमुळेच इतकं बोलकं आहे.

मुलं विचारतात, हे फक्त मुंग्या-माश्यांतच का? मी आधी वाळवीकडे बोट दाखवते, कारण ती आमच्या ग्रंथालयातही आहे. वाळवी झुरळांच्या वंशातली. तिच्यात नराकडेही जनुकांचे दोन संच असतात, म्हणजे पाऊण नात्याचा प्रश्नच नाही, तरी तिची वसाहत प्रचंड. अनेक जातींत लाकूड हेच घर आणि हेच अन्न, आणि ते पचवणारे सूक्ष्मजीव एकमेकींकडून घ्यावे लागतात. पिल्लू एकटं वाढूच शकत नाही. केनिया, इथिओपिया, सोमालियाच्या कडक जमिनीखाली राहणाऱ्या केशहीन बिळउंदरांत एकच मादी पिल्लं घालते आणि बाकीचे माती खणतात, हे जेनिफर जार्व्हिस यांनी 1981 मध्ये दाखवलं तेव्हा सस्तन प्राण्यांबद्दलची मोठी समजूत मोडली. तिथे अन्न म्हणजे दूरदूर पसरलेले कंद. एकट्याने खणून ते सापडण्याआधीच जीव जाईल. 1996 साली एमेट डफी यांना बेलीझच्या समुद्रातल्या स्पंजांमध्ये राणी असलेली कोळंबी सापडली. दख्खनच्या काटेरी झुडपांवर करड्या जाळ्यांचे गठ्ठे करून राहणारे स्टेगोडायफस कोळी तर आपल्याकडचेच: सगळ्या मिळून जाळं विणतात, शिकार वाटून खातात, आणि पिलं शेवटी आई-मावश्यांनाच खाऊन मोठी होतात. या सगळ्यांत मला एकच धागा ठळक दिसतो. बाहेर एकट्याचं निभणं अवघड आणि आत कुणीतरी काम पुढे चालू ठेवणारं असतं. नातं असतंच, पण ते एकटं पुरत नाही.

राणी नाहीशी होण्याचे दिवस आमच्या नोंदींत सगळ्यात दाट आहेत. आम्ही राणी काढून घेत नाही. ती आपणहून जाते, कधी मरून, कधी न परतून. त्याच्या काही आठवडे आधी मी मुलांना चिठ्ठ्यांवर लिहायला सांगितलेलं असतं: आजची राणी गेली तर उद्याची कोण? बहुतेक चिठ्ठ्यांवर भांडणाऱ्या माशीचं नाव असतं. काहींवर सगळ्यात जास्त फेऱ्या करणारीचं, कारण कष्टाचं फळ मिळावं असं त्यांना वाटतं. राणी गेली की थोड्याच वेळात एक माशी उठते आणि तिचं वागणं पार पालटतं. ढोसणं, चावणं, पाठलाग, एकीला तोंडात धरून ठेवणं. कालपर्यंत तिच्या नावापुढे यातलं काहीही नव्हतं. हा उग्रपणा काही दिवसांत ओसरतो, साधारण आठवड्याने ती अंडी घालू लागते आणि मग तीही आधीच्या राणीसारखी शांत होते. चिठ्ठ्यांवर तिचं नाव नसतं. मुलं जुन्या वह्या उलगडून तिच्या नोंदी शोधतात आणि ओळीमागून ओळ ‘बसलीय’ सापडतं.

पण बाकीच्या माश्यांना ती कोण हे आधीपासून कळलेलं असतं. हे दाखवणारा अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांचा 2008 चा प्रयोग मी दर वर्षी फळ्यावर काढते. पोळ्याचे दोन भाग केले, मधे जाळी, माश्या दोन्हीकडे वाटून टाकल्या. राणी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला राणी नाही, म्हणून तिथे एक माशी उग्र झाली, राणी होऊ घातली. मग राणीलाच त्या बाजूला नेलं. आता पहिल्या बाजूला राणी नाही. ती उग्र झालेली माशी इकडे आणली तर इकडच्या माश्या तिला मानतील का? काही पोळ्यांत मानलं. जिथे नाही मानलं तिथे इकडची दुसरीच माशी उठली, आणि तिला पलीकडे नेल्यावर पलीकडच्यांनीही तिला मानलं. खरा वारस ज्या बाजूला होता तिथून तो निघाला, आणि त्याला आव्हान द्यायला तिसरी कोणी उठली नाही. माणसाला वागण्यावरून न ओळखता येणारा वारस पोळ्याला माहीत होता.

2012 मध्ये आलोक बंग आणि गदगकर यांनी आणखी पुढे जाऊन पाहिलं: एक वारस काढला की पुढचा, तो काढला की त्याच्या पुढचा, आणि दर वेळी भांडण न होता एकच माशी पुढे येते. म्हणजे रांगच लागलेली आहे. वय जास्त असेल तर रांगेत पुढे असण्याची शक्यता जास्त, पण सगळ्यात म्हातारी तीच पुढची असं नेहमी होत नाही. राणी आपलं पोट पोळ्याच्या कागदावर घासत फिरते आणि तिच्या एका ग्रंथीतला वास तिथे राहतो. राणी आहे हे माश्यांना त्या वासातून कळतं. रांगेतल्या दुसरीचा नि तिसरीचा क्रमही त्या कशातून तरी वाचत असणार.

मला या सगळ्यात जे मोठं वाटतं ते हे की सिंहासनाची आशा प्रत्येकीला थोडी थोडी आहे आणि तरी रोज मारामारी होत नाही. मारामारीत जखमी झालेली माशी ना राणी होते ना भरवू शकते. जिंकणारी कोणीही असो, भुकेल्या अळ्यांना भरवावंच लागतं. वाट बघणं हेसुद्धा काम आहे, आणि ‘बसलीय’ असं लिहिलेल्या ओळींत ते काम चाललेलं असू शकतं. आमच्या वह्यांतून हे सिद्ध होणार नाही, पण तपासता येईल अशी एक गोष्ट आहे. जन्मापासून ठिपके असलेल्या माश्यांचं वय आम्हाला दिवसानिशी ठाऊक असतं. म्हणून या वर्षीच्या तुकडीने जिन्यातल्या मोठ्या पोळ्यासाठी वेगळी वही केली आहे. पहिल्या पानावर प्रत्येकीची बाहेर पडल्याची तारीख, त्यापुढे दर आठवड्याला वयावरून लावलेली रांग, आणि समोरच्या रकान्यात ती त्या आठवड्यात अळ्यांना किती वेळा भरवत होती, बाहेर किती वेळा गेली, किती वेळ बसली. बाहेर जास्त जाणाऱ्या रांगेत पुढे असूनही पोचण्याआधीच मरतात का, हे आधी बघायचं आहे. त्यासाठी निदान तीन राण्या तरी बदलाव्या लागतील.